डिलनचे गायन : संहिता आणि उच्चार

बॉब डिलन (जन्म १९४१) याच्या उत्तरकालीन गायनाविषयी रसिकांत जो वाद चालतो, तो केवळ वार्धक्याने खालावलेल्या आवाजाचा नाही. १९८८ पासून, महासाथीचा खंड सोडल्यास, त्याच्या मैफली सातत्याने होत आल्या. त्यांत आपल्याच गाजलेल्या गीतांच्या चाली, लय, क्वचित शब्दही तो बदलतो. ओळखीचे गीत कडवे सरेपर्यंत उमगत नाही, ही श्रोत्यांची तक्रार खरीच आहे.

परंतु या तक्रारीत एक गृहीत दडले आहे : ध्वनिमुद्रिका ही मूळ संहिता व मैफल ही तिची नक्कल. डिलनच्या लेखी, ससूरच्या भेदाचा आधार घेऊन बोलायचे तर, मुद्रिका हाही एक प्रासंगिक उच्चारच असावा. १९६६ मध्ये मँचेस्टर येथे विद्युत् वाद्यांच्या साथीने गाताना एका श्रोत्याने त्याला ज्यूडास म्हणून हिणविले. त्याच मैफलीचे चोरटे मुद्रण पुढे चाहत्यांनीच जपले (तेही लंडनच्या मैफलीचे समजून!), आणि १९९८ मध्ये ते अधिकृतपणे प्रकाशित झाले.

तथापि या युक्तिवादाने सर्वच दोष झाकले जात नाहीत. बदललेली चाल शब्दावर नवा आघात देते. गिळलेले अक्षर काहीच देत नाही. ज्याच्या गीतरचनेचा २०१६ मध्ये साहित्याच्या नोबेल पारितोषिकाने गौरव झाला, त्याच्या बाबतीत हा दोष किरकोळ मानता येत नाही. भक्त मात्र दोहोंना एकच सबब लावतात. 'रफ अँड राउडी वेज' (२०२०) या संग्रहात तोच जीर्ण आवाज संथ, पठणाच्या अंगाने चालतो, आणि तेथे शब्द स्वच्छ ऐकू येतात.