नावडीचा अन्वय : ‘एकच प्याला’तील एका पदाविषयी

बालगंधर्वांचे एखादे पद मुळीच आवडत नाही, असे विधान सांगलीच्या रसिकमंडळीत कोणी केले तर त्याचा प्रतिवाद सहसा होत नाही. विधान करणाऱ्याच्या कानाविषयीच शंका घेतली जाते. यामागची आत्मीयता समजण्याजोगी आहे. कृष्णाकाठचे नागठाणे हे राजहंस घराण्याचे गाव (साताऱ्याजवळ महामार्गावर असलेल्या नागठाण्याशी त्याची गल्लत होते, ती होऊ नये). नारायण श्रीपाद राजहंस किर्लोस्कर मंडळीच्या रंगमंचावर शकुंतला म्हणून प्रथम उभे राहिले ते १९०५ मध्ये मिरजेत. आणि सांगलीचे विष्णुदास भावे गौरवपदकही प्रथम त्यांनाच देण्यात आले. अशा दैवतप्राय कलावंताच्या एका गाण्याविषयीची तीव्र नावड ही निव्वळ व्यक्तिगत रुचीची बाब मानावी, की तिला संहितेचा आधार असू शकतो, हा मात्र समीक्षेचा प्रश्न आहे. ‘एकच प्याला’तील सिंधूचे ‘कशि या त्यजूं पदाला’ हे अतिशय लोकप्रिय पद या प्रश्नासाठी मुद्दाम निवडावे असे आहे. ते त्या नाटकात नुसते खटकत नाही, नकोसे होते.

हे पद गडकऱ्यांचे नाही, ही गोष्ट आस्वादात फारशी लक्षात घेतली जात नाही. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी वारले. गंधर्व मंडळीने ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग बडोद्याला केला तो त्यानंतर सुमारे महिन्याने. नाटकातील पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी रचलेली आहेत. म्हणजे एकाच पात्राच्या मुखी दोन लेखकांच्या दोन भाषा आल्या आहेत. माहेरी चलण्याचा आग्रह होत असता सिंधूने नवऱ्याला सोडण्यास नकार द्यावा, हे त्या प्रसंगाचे बीज. गद्यात हा नकार पुरता उमटलेला आहे; त्यात हट्ट आहे, संस्कार आहे, आणि वाचकाला अस्वस्थ करणारे आंधळेपणही आहे. गुर्जरांचे पद या नकारात नवे काही घालत नाही. ‘पद’ या शब्दाच्या आवर्तनातून ते नादाचे एक गोड वलय तयार करते आणि हट्टातले आंधळेपण त्या वलयात विरघळून जाते. गद्यातली सिंधू आपल्याशी झगडत असते. पदातली सिंधू मुळात झगडतच नाही.

गायनाचा विचार वेगळा केला पाहिजे, कारण येथे दोष गळ्याचा नाही. ठेक्याला घट्ट बिलगून जाणारी लय, शब्द न मोडता त्याच्या पोटातून निघणारी छोटी तान, स्वर ओलसर ठेवूनही उच्चार स्वच्छ राखण्याची हातोटी हे सारे या पदाच्या ध्वनिमुद्रिकेत ऐकू येते. अडचण याच गुणांनी निर्माण केली आहे. दळण दळून पोट भरण्याची पाळी आलेल्या स्त्रीच्या मुखातून एवढी ऐश्वर्यसंपन्न लय येते, आणि तिच्यावर ‘वन्स मोअर’ येतो. ज्या क्षणी तो दिला जातो, त्या क्षणी नकार ही कृती राहत नाही. नकार एकदाच देता येतो. तोच नकार दुसऱ्यांदा नव्या हरकतींसह दिला गेला की समोर उभे असलेले पात्र केवळ श्रोता होऊन ताटकळते आणि प्रसंग मैफलीत रूपांतरित होतो.

अभिनवगुप्ताने रसप्रतीतीच्या मार्गात येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांतील ‘अप्रधानता’ हे विघ्न मराठी नाट्यसमीक्षेने या संदर्भात फारसे वापरलेले नाही, याचे आश्चर्य वाटते. जे गौण आहे ते प्रधान होऊन बसले, तर चित्त प्रधानावर स्थिरावत नाही. ‘स्वयंवरा’तील रुक्मिणी भास्करबुवा बखल्यांच्या चालींवर गाते तेव्हा हे विघ्न उभे राहत नाही, राजकन्येच्या शृंगाराला तो विस्तार शोभतो, किंबहुना खाडिलकरांची संहिताच त्याला जागा करून देते. हरिपूरच्या देवलांनी ‘शारदे’त (१८९९) निराळा मार्ग काढला होता. तेथे पदांची भाषा मुलींच्या बोलण्याला इतकी लागून आहे की संवाद कोठे थांबला आणि पद कोठे सुरू झाले, याचा सांधा हाताला लागू नये. गंधर्व मंडळीच्या आरंभीच्या काळात देवलांचे मार्गदर्शन होते. १९१६ मध्ये ते गेले. ‘एकच प्याला’ त्यानंतरचा आहे, एवढीच नोंद येथे पुरे.

यावर नेहमीचा आक्षेप असा की, त्या काळचे प्रेक्षक हे पद ऐकून रडत. रडत असतील, पण ते कोणासाठी, हे पाहिले पाहिजे. सिंधूसाठी आलेले अश्रू तिला त्या घरातून बाहेर काढावे अशी इच्छा जागी करतील. स्वरासाठी आलेले अश्रू तिने तेथेच राहून पुन्हा गावे, अशी मागणी करतील. ‘वन्स मोअर’ने कोणती मागणी केली, हे सांगण्याची गरज नाही. पुढे मद्यधुंद सुधाकराच्या हातून मूल जाते, सिंधूही जाते. त्या शेवटाची भीषणता पत्करण्याआधीच प्रेक्षकाने तिच्या सहनशीलतेला सौंदर्य म्हणून दाद दिलेली असते. नावडीचे खरे कारण येथे आहे. पातिव्रत्याची जी किंमत गडकऱ्यांचे गद्य उघडी करू पाहते, ती हे पद झाकते, आणि इतक्या गोडव्याने झाकते की झाकले गेल्याचे कळत नाही.

ध्वनिमुद्रिकेने त्यात आणखी एक फेरफार केला. तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीवर ना सुधाकर आहे, ना माहेरचे माणूस. संवादातला एक दुवा असलेले पद तेथे एकल गीत झाले आणि श्रोत्याचे नाते सिंधूशी न राहता थेट गंधर्वांशी जडले. ही घटना जुनी म्हणून संपलेली नाही. २०२२ मध्ये ‘बीटीएस’ या कोरियन गायकगटाने सामूहिक उपक्रम काही काळ बाजूला ठेवून सदस्यांच्या एकल गाण्यांना वाट दिली. अशा गाण्यांपैकी एखादे आवडले नाही असे म्हणणाऱ्या चाहत्याची निष्ठा तपासली जाते, गाणे तपासले जात नाही. गंधर्वभक्तांचा युक्तिवाद याहून फारसा निराळा नव्हता. मूर्तीची पूजा मांडली की तिच्या प्रत्येक आविष्काराला नैवेद्याचा दर्जा येतो, आणि नैवेद्याच्या चवीची चर्चा करायची नसते.

१९३३ मध्ये ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ मोजक्या गीतांनिशी रंगभूमीवर आणली. त्या प्रयत्नाकडे वास्तववादाचे आगमन म्हणून पाहिले जाते. गाण्याविषयीच्या साचलेल्या नावडीचा तो रंगमंचीय आविष्कार होता, असेही म्हणता येईल. ‘एकच प्याला’पुरते बोलायचे तर, गुर्जरांची पदे वगळून केवळ गडकऱ्यांचे गद्य सलग वाचून पाहण्याचा प्रयोग पदव्युत्तर वर्गात करण्यासारखा आहे. अशा वाचनात सिंधूच्या शेजारी तळीरामाची बायको गीता एकदम मोठी होते. नवऱ्याच्या दारूबद्दल ती जे फटकळपणे बोलते, ते ऐकताना मधे कोणतेही स्वरवलय आड येत नाही. आणि मग सिंधूच्या नकारातला हट्ट, तिचे भय व तिचा गोंधळ हेही, पहिल्यांदाच, वेगवेगळे ऐकू येऊ लागतात.