बालकाचा शब्द आणि न्यायासन : खानदेशाच्या संदर्भात एक विचार

कायद्याची समीक्षा करताना त्यातील शिक्षा प्रथम पाहण्याची आपल्याकडे रीत आहे. बालकांवरील लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत ही रीत फसवी ठरते. हा अपराध बहुधा एकान्तात घडतो; साक्षीदार एकच असतो आणि तो लहान असतो. त्याचे म्हणणे न्यायासनापर्यंत कसे पोहोचते, हीच अशा कायद्याची खरी कसोटी होय.

जुलै १९९४ मध्ये उघडकीस आलेल्या जळगावच्या प्रकरणाने हा प्रश्न खानदेशापुढे उग्र रूपात उभा केला. शाळा-महाविद्यालयांतील मुली व तरुण स्त्रिया यांचे छायाचित्रांच्या धाकाने शोषण झाल्याचे ते आरोप होते आणि त्यांत स्थानिक राजकारणातील वजनदार मंडळींची नावे आली होती. अरविंद इनामदार यांच्या नेतृत्वाखाली तपास झाला, खटल्यांसाठी विशेष न्यायालयही नेमण्यात आले. तथापि पीडितांची जी संख्या बोलली जात होती, तिच्या मानाने तक्रारीस पुढे आलेल्या मुली फारच थोड्या होत्या.

याचे खापर केवळ लोकलज्जेवर फोडून चालणार नाही. १९८३ च्या दुरुस्तीने बंद दालनातील सुनावणी आली होती व पीडितेचे नाव प्रसिद्ध करण्यास बंदी झाली होती, हे खरे. परंतु पुरावा अधिनियमाचे कलम १५५(४) कायमच होते. तक्रार करणारी स्त्री सामान्यतः अनैतिक चारित्र्याची आहे, असे दाखविण्याची मुभा ते आरोपीस देत असे. ते २००३ मध्ये रद्द झाले. म्हणजे बदनामीच्या ज्या भीतीवर अपराध्याची सत्ता चालत होती, तीच भीती न्यायालयाच्या दारातही उभी होती.

१४ नोव्हेंबर २०१२ पासून अमलात आलेल्या 'पॉक्सो' अधिनियमाने हे चित्र पुष्कळ पालटले. अठरा वर्षांखालील मुलगे व मुली दोघांनाही त्याचे संरक्षण लाभले. वकिलाने प्रश्न न्यायाधीशाकडे द्यावेत व न्यायाधीशाने ते बालकास विचारावेत, साक्षीच्या वेळी आरोपी बालकाच्या दृष्टीस पडू नये, शक्यतो एका वर्षात खटला संपवावा, अशा त्याच्या तरतुदी आहेत. अपराधाची माहिती असून ती न कळविणे हाही अपराध ठरला. १९९४ चे मौन आठवता या शेवटच्या तरतुदीचे मोल सहज ध्यानी येईल.

कलम २६ मात्र विशेष विचारास पात्र आहे. बालक जसे बोलेल तसाच जबाब नोंदवावा, असे ते सांगते. आता खानदेशातील बालक बोलते कोणत्या भाषेत? गिरणा-पांझरेच्या काठी अहिराणीत, शिरपूर-चोपड्याकडे सातपुड्याच्या पायथ्याशी पावरी वा भिलीत. जबाब मात्र कागदावर उतरतो तो ठरीव कचेरी मराठीत. मग उलटतपासणीत बालकाचे बोलणे व कागदावरील वाक्य यांतील अंतर विसंगती म्हणून पुढे येते, आणि भाषांतराचा दोष बालकाच्या पदरी पडतो. कलम ३८ दुभाष्याची सोय सांगते. परंतु शरीराविषयी, भयाविषयी मूल कोणते शब्द योजते हे जाणणारा दुभाषी आपोआप निर्माण होत नाही.

आरोपीच्या हक्कांशी याचा विरोध आहे, असे कोणी म्हणेल. वस्तुतः कलम २९ आरोपीच्या विरुद्ध गृहीतक मांडते. म्हणून मूळ शब्दांचा अचूक लेख त्याच्याही हिताचाच आहे.

२०१९ च्या दुरुस्तीने काही अपराधांस मृत्युदंड ठेवला. परंतु अपराधी घरातलाच असेल तर शिक्षेची ही कठोरताच कुटुंबाचे तोंड बंद करण्याचा संभव आहे. ऐकून घेण्याची व्यवस्था दुबळी ठेवून शिक्षा वाढविल्याने न्याय वाढत नाही.

तात्पर्य, जळगाव व धुळे येथील विशेष न्यायालयांस अहिराणी, पावरी व भिली जाणणाऱ्या प्रशिक्षित दुभाष्यांची सूची हवी आणि प्रत्येक जबाबाचे ध्वनिचित्रमुद्रण हवे. पहिल्या कामी बोलींचा अभ्यास करणाऱ्या विद्यापीठीय विभागांचे साहाय्य अत्यावश्यक आहे. आपल्या शब्दसंग्रहांत शेतीचे, सणांचे शब्द येतात. मुलांच्या वेदनेचे शब्द क्वचितच येतात. ही उणीव भरून काढणे हे संशोधनाचेच कार्य होय.