रंगांचे कोटी आणि 220 करड्या छटा

जून 2025 मध्ये एचडीएमआय या दूरचित्रवाणी-जोडणीची 2.2 ही आवृत्ती सेकंदाला 96 गिगाबिटची वहनक्षमता घेऊन प्रसिद्ध झाली आणि रंगांच्या कोटींची उड्डाणे पुन्हा सुरू झाली. जोडणीची प्रगती खोटी नाही. पण जिच्यातून वाहायचे ते बहुतेक प्रसारित चित्र अजून 8 बिटांच्या रंगखोलीपाशी अडलेले असताना केवळ केबलचे गोडवे गाणे ही दिशाभूल आहे.

रंगखोली म्हणजे लाल, हिरव्या व निळ्या घटकाच्या उजेडाला मिळणाऱ्या पायऱ्यांचे माप. 8 बिटांत त्या 256 असतात, 10 बिटांत 1,024, आणि तिन्ही घटकांच्या गुणाकारातून अनुक्रमे 1.67 कोटी व 107 कोटी हे जाहिरातीचे लाडके आकडे निघतात. 2006 च्या एचडीएमआय 1.3 आवृत्तीने ‘डीप कलर’ या नावाने 10, 12 आणि 16 बिटांना वाट मोकळी केली. त्यातील 16 बिट हा घरगुती संचापुरता कागदी पराक्रमच राहिला.

10 बिटांचे मोल कोटींत मोजण्याचे नाही. सूर्यास्तानंतरचे आकाश पडद्यावर वरून खाली 8 बिटांच्या पातळी 40 पासून 60 पर्यंत उजळत गेले, तर 1,080 ओळींत केवळ 20 पायऱ्या येतात. प्रत्येक पायरी 54 ओळींची होते आणि आकाशाऐवजी पट्टे दिसू लागतात. 10 बिटांत त्याच उताराला 80 पायऱ्या मिळतात व पट्टा साडेतेरा ओळींवर येतो. याहून महत्त्वाची, पण सहसा नजरेआड राहणारी बाब अशी की रंगखोलीची सर्वाधिक गरज कृष्णधवल चित्रपटाला असते, कारण त्यात रंगघटकांचा गुणाकारच होत नाही. 8 बिटांच्या प्रसारणात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत 16 ते 235 एवढेच आकडे वापरले जात असल्याने प्रभात फिल्म कंपनीच्या ‘संत तुकाराम’ या कृष्णधवल चित्रपटाला (1936) 1.67 कोटींपैकी अवघ्या 220 करड्या छटा वाट्याला येतात. 10 बिटांत त्या 877 होतात. त्याचे दिग्दर्शक दामले-फत्तेलाल यांच्या छायाप्रकाशाची खरी परीक्षा या फरकात आहे.

जोडणीतही गळती आहेच. 2013 च्या 2.0 आवृत्तीच्या 18 गिगाबिटमध्ये सेकंदाला 60 चौकटींचे 4के चित्र पूर्ण रंगतपशिलासह 10 बिटांत मावत नाही. रंगाची माहिती विरळ करूनच ते बसवावे लागते. संच आपली कुवत स्रोताला, म्हणजे चित्र पाठवणाऱ्या उपकरणाला, आधी कळवतो आणि ती अपुरी दिसली की स्रोत कसलीही सूचना न देता 8 बिटांवर उतरतो. त्यातच अनेक संचांत खोल रंगाची सोय कारखान्यातून बंद होऊनच येते, म्हणजे गिऱ्हाइकाने पैसे मोजलेली गोष्ट त्यालाच मेनूत शोधावी लागते.

तरीही मुख्य अपराधी केबल नव्हे. जालना जिल्ह्यातील तीर्थपुरीसारख्या गावात घरावरच्या छत्रीतून डीडी फ्री डिशचे चित्र उतरते ते एमपेग-2 आणि एमपेग-4 या संकोचनपद्धतींनी, आणि एमपेग-2 च्या घरगुती प्रसारणात प्रत्येक घटकाला 8 च बिट असतात. त्यापुढे 18 गिगाबिटची केबल लावा की 96 ची, जी पायरी मुळात पाठवलीच नाही ती केबल आणणार कोठून? बाजाराने या प्रश्नावर अधिक महाग केबल हेच उत्तर दिले आहे. 10 बिट सामावणारी एचईव्हीसी ही संकोचनपद्धत 2013 पासून उपलब्ध आहे, त्यामुळे तंत्रज्ञान नाही ही सबब चालणार नाही. प्रभातचा वारसा जपणारे पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आणि सह्याद्री वाहिनी चालवणारी प्रसारभारती एकाच माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या कक्षेत येतात, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये गोव्यात सुरू झालेल्या ‘वेव्हज’ या प्रसारभारतीच्या इंटरनेट-मंचावरून 10 बिटांचा प्रवाह देण्यासाठी गावोगावच्या छत्र्या बदलण्याचीही गरज नाही. प्रसारभारतीने या मंचावर प्रभातचे चित्रपट 10 बिटांत उपलब्ध करून द्यावेत, आणि सुरुवात ‘संत तुकाराम’पासून करावी.