पॅचुली आणि पाचोळा

अत्तराची समीक्षा करण्याचा अधिकार तुम्हांला कोणी दिला, असे वाचक विचारतील. बी.कॉम.ला हा विषय नव्हता, हे मान्य. पण बँकेच्या काउंटरमागे वीस वर्षे बसलेल्या माणसाइतके वास दुसऱ्या कोणी घेतले असतील असे वाटत नाही. ओल्या छत्र्या, बाम, लसूण आणि मासळीबाजारातून थेट आलेली दहाची नोट!

तर आमच्या मेहुण्याने मुंबईहून एक बाटली आणली. म्हणाला, "भावोजी, पॅचुली आहे. उंची माल!" मला ऐकू आले 'पाचोळा'. बूच उघडले आणि कळले, कानांची फारशी चूक नव्हती. ओली माती, वाळकी पाने, कापूर आणि बंद कोठीघर यांनी मिळून संयुक्त खाते उघडावे, तसा तो वास.

सकाळी दोन थेंब मनगटाला लावले, एक कानामागे. स्वयंपाकघरातून सौ. ओरडली, "अहो, कुंडी फुटली का कुठे?" शाखेत ए.सी. असल्यामुळे वासाला बाहेर पडायला वाट नाही. साडेदहाला शिपायाने ए.सी.ची जाळी काढून पाहिली. अकराला साहेबांनी जुन्या व्हाउचरांची खोली उघडायला लावली. त्यांना उंदराचा संशय होता. मी मान खाली घालून नोटा मोजत राहिलो.

पण समीक्षकाने न्यायाने वागावे. कोलन वॉटर म्हणजे चालू खाते. सकाळी भरा, दुपारी शिल्लक शून्य. पॅचुली ही मुदत ठेव आहे. तीन वाजेपर्यंत मातीचा उग्रपणा खाली बसतो आणि मागून गोडसर, लाकडासारखा ऊबदार वास वर येतो. शिवाय हे तेल बाटलीत मुरते तसे सुधारते, म्हणजे व्याजही आहे. दोष एकच. उठायची वेळ झाली हे या पाहुण्याला कळत नाही.

नाव तमिळवरून आले म्हणतात. पच्चै म्हणजे हिरवे, इलै म्हणजे पान. एकोणिसाव्या शतकात काश्मिरी शाली विलायतेला जात, तेव्हा कसर लागू नये म्हणून घड्यांत ही वाळकी पाने घालत. तिकडची गिऱ्हाइके वासावरून अस्सल शाल ओळखू लागली. मग नक्कल करणाऱ्या फ्रेंच कारखानदारांनी पानेच मागवली! खोट्या सहीचा इतका सुवासिक प्रकार आमच्या बँकेत अजून घडलेला नाही. पुढे 1960-70च्या दशकांत हिप्पी हाच वास अंगावर घेऊन गोव्याच्या किनाऱ्यावर उतरले. पण मूळचा हा वास अंगाचा नव्हे, घडीचा.

हे मला पुस्तकाने नाही, एका पेन्शनर आजींनी सांगितले. नोव्हेंबर असल्यामुळे त्या हयातीचा दाखला द्यायला आल्या होत्या. अंगठा टेकवता टेकवता थांबल्या आणि म्हणाल्या, "पाच का हो ही? आमच्या आईच्या ट्रंकेत असायची."

मी "हो" म्हणालो आणि त्यांचा फॉर्म दोनदा उलटा धरला. कारण आमच्या आईच्याही ट्रंकेत असायची. सकाळपासून नाकाला ओळखीचे वाटत होते ते हेच.

आई गेल्याला तीन वर्षे झाली. ट्रंक कोणी उघडली नव्हती. मी टाळत होतो आणि सौ. विषय काढत नव्हती. त्या रात्री उघडली. पैठणीच्या घडीत पानांची पुडी होती. पानांचा भुगा झाला होता आणि त्याला आता कसलाच वास नव्हता.

सौ.ने काही न बोलता कापसाचा फाया केला. रेशमाला तेलाचा डाग पडू नये म्हणून कागदात गुंडाळायला घेतला.

"एकच थेंब पुरे," मी म्हणालो.

"दोन घाला," ती म्हणाली.

तेव्हा आमचा निकाल असा : माल अस्सल, पण अंगाला लावण्यासारखा नाही. बाटली ट्रंकेत ठेवली आहे. शर्ट दोनदा धुऊन झाला. साहेब अजून उंदीर शोधताहेत.