‘भारतात कोठूनतरी’ : काँग्रेस रेडिओची घोषणा व दिक्‌शोधन

१९४२ च्या ‘छोडो भारत’ आंदोलनात मुंबईतून गुप्तपणे चालविल्या गेलेल्या काँग्रेस रेडिओवर जे लिहिले जाते, त्यात त्याच्या आरंभीच्या घोषणेचे कौतुक हमखास आढळते. ४२.३४ मीटरवर ‘भारतात कोठूनतरी’ बोलत असल्याचे सांगणारी ती इंग्रजी घोषणा म्हणजे स्थळ लपविण्याची नामी युक्ती, असा या कौतुकाचा आशय असतो. घोषणेची रचना पाहिली असता हे मत टिकत नाही.

त्या एकाच वाक्यात स्थलवाचक पद अनिश्चित आहे, तर तरंगलांबी दशांशचिन्हापुढील दोन अंकांपर्यंत निश्चित आहे. श्रोत्यास केंद्र सापडावे म्हणून ती सांगणे भागच होते. आणि जी खूण श्रोत्यास, तीच पोलिसांस. ग्राहकयंत्र एकदा त्या लहरीवर, म्हणजे सुमारे ७.०८ मेगाहर्ट्‌झवर लावले की निवेदक काय बोलतो, हिंदुस्थानीत बोलतो की इंग्रजीत, याच्याशी दिक्‌शोधकास कर्तव्य नसते. वेटोळ्याची एरियल फिरविताना आवाज ज्या स्थितीत सर्वांत क्षीण होतो, तीवरून प्रक्षेपकाची रेषा कळते. रेषाच केवळ, स्थान नव्हे. स्थानासाठी दुसऱ्या जागेवरून दुसरी रेषा काढून दोहोंचा छेद पाहावा लागतो.

बोलीभूगोलाच्या अभ्यासकास ही रीत परकी वाटू नये. ‘काय करायलास?’ हा प्रयोग कानी पडला, तर बोलणारा मराठवाड्याकडचा असावा एवढेच अनुमान निघते. तो बीड जिल्ह्यातला काय, आणि असल्यास लातूरला लागून असलेल्या अंबाजोगाईकडचा की अहिल्यानगरला लागून असलेल्या आष्टीकडचा, हे ठरविण्यास आणखी लक्षणे जुळवावी लागतात. साम्य मात्र येथेच संपते. बीडचा मनुष्य पुण्यात प्रमाण भाषा बोलून आपले गाव झाकू शकतो. प्रक्षेपकास तशी सोय नाही. त्याने गप्प बसावे किंवा जागा बदलावी. उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरा मार्ग धरला. चौपाटीवरील ‘सी व्ह्यू’, लॅबर्नम रोडवरील ‘अजित व्हिला’, गिरगावातील पारेखवाडी अशी बिऱ्हाडे त्यांनी बदलली. खरे गोपन ते होते.

१२ नोव्हेंबर १९४२ रोजी केंद्र पकडले गेले. ते शोधगाड्यांनी पकडले की फितुरीने, हा वाद काहीसा पोकळ आहे. पाच किलोमीटरांवरून घेतलेल्या रेषेत पाच अंशांची चूक असली, तर सुमारे ४४० मीटरांचा फरक पडतो. गिरगावच्या दाट वस्तीत तेवढ्या अंतरात किती चाळी आल्या! त्यातच भिंतींवर व तारांवर परावर्तित झालेल्या लहरी भलतीच दिशा दाखवितात. आजच्या वाय-फाय प्रक्षेपकाचा माग काढणाऱ्यासही हीच अडचण भेडसावते. यंत्राने वस्ती दाखवावी आणि खोली माणसाने, असेच बहुधा घडते. केंद्राच्या तंत्रज्ञाने घात केला, असे उषा मेहता यांनी स्वतः सांगितले आहे. तेवढ्यावरून शोधगाड्या निरुपयोगी ठरत नाहीत.

मग त्या अनिश्चित पदाचे प्रयोजन काय? ते पोलिसांसाठी नव्हे, श्रोत्यांसाठी होते. नेते तुरुंगात व वृत्तपत्रांवर निर्बंध असता ‘मुंबईहून’ असे सांगणारे केंद्र एका शहराचे राहिले असते. नाव न घेतल्याने ते शेजारच्या गल्लीतलेही असू शकत होते. या दृष्टीने ‘कोठूनतरी’ हा रूढ अनुवाद सदोष आहे. मराठीत ‘पैसे कोठूनतरी आणले’ असे म्हणणाऱ्यास बहुधा ठिकाण ठाऊक नसते, किंवा त्याची त्यास पर्वा नसते. मूळ घोषणेतील निवेदकास ठिकाण पुरते ठाऊक आहे आणि ते तो जाणून सांगत नाही. ‘भारतातील एका ठिकाणाहून’ हे भाषांतर या अर्थाला अधिक जवळचे आहे. त्यात ‘कोठूनतरी’चा पसरटपणा नाही, आणि तो गमावणे अनुवादकांना जड जात असावे.