आकडे कुणाचे? ‘मनीबॉल’ आणि ओकलंडचे चाहते

‘मनीबॉल’ हा 2011 चा सिनेमा इथल्या बऱ्याच जणांनी पाहिलेला असणार. आपल्याकडे तो व्यवस्थापनाचा धडा म्हणून जास्त पाहिला जातो, आणि आमची तक्रार तिथूनच सुरू होते. आम्हाला आज तो त्या संघाच्या चाहत्यांच्या बाजूने वाचायचा आहे.

गोष्ट थोडक्यात सांगतो. 2001 च्या मोसमानंतर ओकलंड अ‍ॅथलेटिक्सचे जेसन जिआंबी, जॉनी डेमन आणि जेसन इझ्रिंगहाउसन हे तिघे दुसऱ्या संघांकडे गेले. पगारासाठी ओकलंडकडे जेमतेम 4 कोटी डॉलर, यँकीजकडे त्याच्या तिप्पट. मग जनरल मॅनेजर बिली बीन आकड्यांकडे वळतो. बॅटर किती जोरात मारतो हे राहू द्या, तो बेसवर किती वेळा पोचतो ते मोजा. चार बॉल खराब पडले की बॅटर आयता चालत पहिल्या बेसवर जातो, पण त्याच्या बॅटिंग ॲव्हरेजमध्ये ते धरतच नाहीत. आपल्या वाइडसारखंच झालं: धाव संघाची, बॅट्समनच्या नावावर काही नाही. असे दुर्लक्षित खेळाडू स्वस्तात घ्या, की झालं. 103 सामने जिंकले, त्यात सलग 20.

आता चाहत्यांचं ऐका. सिनेमा आल्यापासून त्यांचा एक आक्षेप कायम आहे, आणि आमच्या मते तो बिनतोड आहे: पिचर कुठे गेले? त्या वर्षी बॅरी झिटोने 23, मार्क मल्डरने 19 आणि टिम हडसनने 15 सामने जिंकून दिले. म्हणजे 103 पैकी 57 या तिघांच्या नावावर. झिटोला साय यंग पुरस्कार, शॉर्टस्टॉप मिगेल तेहादाला लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून मान. पडद्यावर यांची जेमतेम सावली दिसते. कारण उघड आहे. हे चौघे आधीपासून संघातच होते, त्यांना कुणी त्या हिवाळ्यात हुशारीने शोधून काढलं नव्हतं. सिनेमाला हुशारीची गोष्ट सांगायची होती, खेळाची नव्हे.

आणि ती हुशारी तरी कुणाची? हे आम्हाला जास्त महत्त्वाचं वाटतं. सिनेमात म्हाताऱ्या स्काउटांची खोली आहे. कुणाचा जबडा चांगला, कुणाची मैत्रीण दिसायला साधी म्हणजे त्याला आत्मविश्वास नाही, असल्या गप्पा. त्यांच्यासमोर कॉम्प्युटरवाला तरुण. जणू आकडे ऑफिसात जन्मले! वास्तविक 1977 मध्ये पहिलं ‘बेसबॉल ॲब्स्ट्रॅक्ट’ स्वतःच्या खर्चाने छापणारा बिल जेम्स हा कॅन्सस राज्यातला एक चाहता. डबाबंद अन्नाच्या कारखान्यात रात्रीची राखणदारी करता करता तो धावफलक चाळायचा. त्याला हवी होती फक्त बरी चर्चा: हा खेळाडू खरंच चांगला आहे, की आपण उगीच म्हणतो? ही गॅलरीतल्या माणसाची भूक होती. 2002 च्या अखेरीस त्याला बॉस्टनने नोकरीवर घेतलं, आणि हळूहळू सगळ्याच संघांनी ही भाषा उचलली.

मग ती भाषा चाहत्यांकडे परत आली, पण मालकाचा शिक्का मारून. एप्रिल ते सप्टेंबर, 162 सामन्यांच्या मोसमात, कट्ट्यावर आज काय बोलतात? ‘पोरगा अजून तीन वर्षं स्वस्तात आहे.’ ‘आता विकला तर दोन चांगले प्रॉस्पेक्ट येतील.’ सहा वर्षांची सेवा भरेपर्यंत खेळाडू संघाच्या ताब्यात असतो, म्हणून कोणाला मायनर लीगमधून कधी वर आणायचं याचा हिशेब चाहतेच बोटांवर मांडतात. पैसे वाचणार मालकाचे, घोकंपट्टी यांची! ओकलंडच्या लोकांनी हे फार सोसलं. हडसन आणि मल्डर 2004 च्या डिसेंबरमध्ये दोन दिवसांच्या अंतराने गेले. मॅट ओल्सन आणि मॅट चॅपमन 2022 च्या मार्चमध्ये. दर वेळी समजूत तीच, की भविष्यासाठी करतोय. ज्याची जर्सी पोराला घेऊन द्यावी तो पुढच्या वर्षी असेलच असं नाही, मग बोलायचं तरी कुणाबद्दल?

म्हणून 13 जून 2023 ची संध्याकाळ आम्हाला या सिनेमाचा राहिलेला भाग वाटते. संघ लास वेगसला न्यायचा घाट मालकांनी घातला होता, वर कारण काय, तर प्रेक्षक येत नाहीत. त्या मोसमात सरासरी 10 हजारांच्या आसपास लोक येत होते. त्या मंगळवारी चाहत्यांनी ठरवून गर्दी केली: 27,759. अंगात हिरवे टी-शर्ट, त्यांवर एकच शब्द, ‘विका’. वीस वर्षं खेळाडूंना लावलेलं क्रियापद त्यांनी मालकाकडे वळवलं. संघ त्या वर्षी 112 सामने हरला; पण तो सामना 2-1 असा जिंकला, सलग सातवा. त्याच आठवड्यात नेवाडा राज्याने नव्या स्टेडियमसाठी 38 कोटी डॉलरपर्यंतची सार्वजनिक मदत मंजूर केली, हेही सांगायला हवं.

सिनेमाच्या शेवटी बॉस्टनवाले बीनपुढे सव्वा कोटी डॉलरचा प्रस्ताव ठेवतात. तो नाकारतो, गाडीत लेकीचं गाणं ऐकत राहतो, आणि ओकलंडमध्येच थांबतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आमचेही डोळे ओलावले होते. मागच्या महिन्यात पुन्हा पाहिलं, तेव्हा आठवत राहिली ती 26 सप्टेंबर 2024 ची दुपार. कोलिसियममधला शेवटचा सामना, 46,889 माणसं, टेक्सासविरुद्ध 3-2 असा विजय. पुढच्या मोसमापासून संघ सॅक्रामेंटोजवळच्या मायनर लीगच्या मैदानावर खेळू लागला. नावापुढे शहर नाही, नुसतं ‘अ‍ॅथलेटिक्स’.