पाठशुद्धी आणि तरुण वाचक

पाठ शुद्ध की भ्रष्ट, हा प्रश्न केवळ पोथ्यांच्या संशोधकांपुरता आहे, अशी एक समजूत आढळते. ती किती अपुरी आहे, हे १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे दिसून आले. मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवर विश्वास ठेवून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांचा बळी घेतला.

अशा अफवांबरोबर त्या काळी भारतभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक येथे तपासण्याजोगी आहे. गल्लीत मुले क्रिकेट खेळत आहेत. मोटारसायकलवरून दोघे येतात, एका मुलाला उचलतात आणि निघून जातात. प्रेक्षकांपर्यंत पोहोचलेला पाठ एवढाच. मूळ कृती मात्र कराचीतील रोशनी हेल्पलाइन ह्या संस्थेसाठी २०१६ मध्ये तयार झालेला जनजागृतीपट होता. त्यात ते दोघे परत येऊन मुलाला सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवितात. हा उपसंहार छाटला गेला. आणि एकही नवे दृश्य न घालता सावधगिरीच्या उपदेशाची चिथावणी झाली.

त्याच जुलै महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात संदेश पुढे पाठविण्यावर एका वेळी पाच संवादांची मर्यादा जाहीर केली. अशा उपायाने प्रसाराचा वेग मंदावतो. भ्रष्ट पाठ शुद्ध होत नाही. तरुणांना केला जाणारा ‘पुढे पाठवू नका’ हा उपदेशही त्याच कोटीतला होय. तो हात आवरतो, दृष्टी देत नाही.

अशी दृष्टी ह्या भूमीला परकी नाही. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये (इ. स. १५८४) अपपाठ दूर करून ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि तीत कोणी आपल्या ओव्या घुसडू नयेत, असे बजावले. मूळ प्रत कोणती, काय गळाले, काय घुसडले, कोणी आणि कशासाठी, हे पाठचिकित्सेचे प्रश्न चित्रफितीलाही जसेच्या तसे लागू पडतात. ज्ञानेश्वरीच्या तासाला ते विचारणाऱ्या विद्यार्थ्याने आपल्या हातातील भ्रमणध्वनीलाही ते विचारावेत, एवढेच अभिप्रेत आहे.

तथापि पाठचिकित्सेनेच सर्व साधेल, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. त्या चित्रफितीत कोणत्याही जमातीचे नाव नव्हते. ती रिकामी जागा फिरस्त्यांविषयीच्या जुन्या संशयाने भरून काढली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. शिक्का पुसला गेला नाही, ह्याची साक्ष लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ (१९८७) ह्या आत्मकथनात मिळते.

म्हणून माध्यमसाक्षरतेच्या अध्यापनात छाटलेली चित्रफीत आणि ‘उचल्या’ शेजारी शेजारी ठेवावयास हवीत. पहिलीमुळे पाठाविषयी शंका घेण्याची सवय लागते, दुसऱ्यामुळे स्वतःच्या वाचनाविषयी. राईनपाड्यात ह्या दोन्ही शंकांचा अभाव होता.